सुईचा दिवस

हे लिहायला बसलो खरा, पण लिहिण्याचा हक्क मला आहे का, हे अजून ठरवता आलेलं नाही. त्याबद्दल आधीच माफी मागतो. आजार माझा नाही. सुई माझ्या कमरेत टोचली जात नाही. शिवाय ज्या भाषेत लिहितो आहे ती आमच्या घरात कुणी बोलत नाही; घरी अहिराणी. ती मी शाळेत शिकलो आणि अजूनही मध्येच अडखळतो. दादाला विचारलं, तुझ्याबद्दल लिहू का? तो म्हणाला, "लिख. पन नाव नको लिखू कोनंच. आपलं गाव धाकलं शे." म्हणून कुणाचंच नाव लिहीत नाही.

आमचं गाव म्हसावदच्या बाजूचं. घरी थोडी जमीन, त्यात कापूस आणि आता पपई. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. लोणखेड्याला होस्टेलवर राहतो, बी.ए.चं दुसरं वर्ष चालू आहे. पहिला असल्यामुळे घरात माझं एक विचित्र स्थान झालं आहे. वीजबिल चुकीचं आलं, की "तू शिकेल शे ना, तू दख." आणि मी एखाद्या गोष्टीवर मत दिलं, की "तुले काय समजस, तू धाकला शे." ही दोन्ही वाक्यं एकाच दुपारी, एकाच तोंडून मी ऐकली आहेत.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. मी शाळेत होतो तेव्हाच तो आजारी पडला. विहिरीवरची मोटार चालू झाली की तिच्या आवाजात त्याला माणसं बोलताना ऐकू यायची. ती त्याला शिव्या द्यायची म्हणे. आधी तो मोटारीला उत्तरं द्यायचा, मग मोटार बंद असतानाही द्यायला लागला. आंघोळ सुटली, जेवण सुटलं, मित्र सुटले. डोंगरातल्या एका भगताकडे नेलं, मग लांबच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात. तिथून आला की काही महिने बरा असायचा. गोळ्या संपायच्या, पुन्हा आणायला जायचं कुणी हा प्रश्न पडायचा, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. हे किती वेळा झालं ते मी मोजलेलं नाही. आईने मोजलं असेल.

मग एका संस्थेचं काम आमच्या भागात सुरू झालं. महिन्यातून एक दिवस जवळच्या मोठ्या गावातल्या दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर येणार, ज्यांना रोज गोळी घेणं जमत नाही त्यांना महिन्याची एकच सुई देणार, आणि मधल्या दिवसांत एक ताई घरोघर येणार. ताई अक्कलकुव्याकडच्या डोंगरातली. तिच्या घरची बोली वेगळी. आमची अहिराणी ती बसमध्ये ऐकून ऐकून शिकली होती आणि काही शब्द असे म्हणायची की आईसुद्धा हसायची.

मला वाटलं होतं, ही येईल, रजिस्टर भरेल, जाईल. पण ती दादाला घेऊन डेअरीवर गेली. पहिल्या आठवड्यात नुसतं दुधाचं भांडं उचलायचं, दुसऱ्या आठवड्यात भांडं पुढे करायचं, मग डेअरीवाल्याशी एक वाक्य बोलायचं. पुढे न्हाव्याकडे, आणि पुढे बसने डॉक्टरांच्या दिवसाला. आठवड्यातून एकदा आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर आसपासच्या गावांतले असेच सहा-सात जण ती गोळा करायची. तिथे प्रत्येकाने आपल्या आजाराचं नाव स्वतःच्या तोंडाने घ्यायचं, अशी तिची पद्धत होती. एकदा सुट्टीत मी दादाबरोबर गेलो होतो. एक बाई नाव घेताना रडली. दादाने मात्र शाळेत हजेरी देतात तसं "स्किझोफ्रेनिया" म्हटलं आणि चहा ओतायला उठला.

काही महिन्यांनी ताईने पपईच्या मुकादमाशी बोलून दादाला त्याच्या टोळीत लावलं. आमच्याकडची पपई उत्तरेकडे जाते. ट्रकमध्ये भरण्याआधी एकेक फळ जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळावं लागतं, नाहीतर देठाच्या चिकाने बाकीची डागळतात. दादाचं काम गुंडाळायचं. मी एकदा बांधावर उभा राहून पाहिलं. तो पेपर हातात घ्यायचा आणि वाचत बसायचा.

"अरे पपई गुंडाय," मुकादम ओरडला. "ती बातमी गया सालनी शे."

"मंग काय व्हयनं," दादा म्हणाला. "माले नवी शे."

"त्याले वाचू द्या हो मुकादम," शेजारी बसलेली एक म्हातारी म्हणाली, "तुमले तर वाचता बी येत नही."

"माले वाचता येतं तं मी आठे उन्हम्हा मरतू का? सायेब व्हई जातू."

सगळे हसले. दादाही हसला, आणि सगळ्यांबरोबर हसला. लोक हसत असताना तो त्यांच्यात असलेला मी किती वर्षांनी पाहत होतो.

आता राग येतो तो पुढच्या भागाचा.

दादा बरा दिसायला लागल्यावर घरात सगळ्यांना एकच सुचलं. मामा एक ठिकाण घेऊन आले. मुलगी तळोद्याकडची, शेती असलेलं घर, त्यांची फार अपेक्षा नाही. मामा माझ्या आईचा थोरला भाऊ, आणि आमच्या घरात सोयरिकीचा विषय निघाला की त्यांच्या शब्दापुढे वडीलसुद्धा बोलत नाहीत. मुलीकडची माणसं येण्याआधी गावात चौकशी करतात हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून आईने काय केलं, तर ताईलाच येऊ नको म्हणून सांगितलं.

मी त्या दिवशी घरीच होतो. ताई स्कूटीवरून उतरली तशी आई ओट्यावरूनच म्हणाली, "बाई, थोडा दिन येवू नका. पोऱ्याना सोयरीकनं चालू शे. तुमनी गाडी दारपुढे दखी का लोक इचारतस."

"मावशी, मी नाही येणार," ताई म्हणाली. "पण डॉक्टरांच्या दिवशी त्याला पाठवा. सुई चुकवू नका."

"धाडसू ना. मी काय त्यानी दुश्मन शे?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मान हलवण्यापलीकडे मला त्या ओट्यावर काय अधिकार होता, कुणास ठाऊक.

मला अजून कळत नाही की चूक नेमकी कुणाची म्हणायची. आईला दादाचं घर वसलेलं पाहायचं होतं, यात वाईट काय? पण ज्या गोष्टीमुळे तो लग्नाला उभा राहण्याजोगा झाला, तीच गोष्ट लग्नासाठी लपवायची ठरली. हे कुणाला विचित्र वाटत नव्हतं. मी बोललो तर मामा म्हणाले, "आमनं लगीन व्हयनं तवय आमले कोनी इचारं व्हतं का, तुन्हा पोटम्हा काय दुखस म्हनीसन?"

पाहुणे यायचा दिवस ठरला तो नेमका डॉक्टरांचा दिवस. मी आईला म्हटलं, सकाळी लवकर जाऊन सुई घेऊन येऊ, दुपारपर्यंत परत येतो. आई म्हणाली, सुई घेतली की तो पेंगतो, पाहुण्यांसमोर पेंगलेला पोरगा बसवायचा का? एक महिना इकडचा तिकडे झाला तर काय होतं? मी म्हटलं, होतं. ती म्हणाली, "तू डॉक्टर शे का?"

पाहुणे आले. मुलीचे वडील, तिचे काका आणि एक आत्या. दादाला नवा शर्ट घालून खुर्चीवर बसवलं होतं. पोहे झाले, चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. मुलीचे वडील शांत माणूस होते. त्यांनी मामांना विचारलं, "पोरगा काय करस?"

"पपईना धंदा शे त्याना," मामा म्हणाले.

"धंदा नही मामा," दादा म्हणाला. "मी पपई गुंडायाले जास. मुकादमनी टोळीम्हा."

मामा हसले. "तेच ते. धंदाच शे तो."

"आज कामले सुट्टी का मंग?" मुलीच्या वडिलांनी सरळ दादालाच विचारलं. त्यांनी सहज विचारलं होतं.

"आज मन्ही सुईना दिवस व्हता," दादा म्हणाला. "तुम्ही येनार व्हतात म्हनीसन ऱ्हाई गयी."

"कसानी सुई?"

"डोकाना आजारनी."

"डोकं दुखस त्यानं कधी कधी," मामा घाईने म्हणाले. "उन्हम्हा काम शे ना दिवसभर."

"दुखत नही," दादा म्हणाला. तो मामांना चूक दाखवत नव्हता, माहिती पुरवत होता. "माले आवाज येतस. स्किझोफ्रेनिया म्हनतस त्याले. सुई लिधी का आवाज कमी येतस. आते बराच कमी शेतस."

आत्याने ताटली खाली ठेवली आणि म्हणाली, "पोहा चांगला व्हयनात." आई म्हणाली, अजून घ्या. मुलीच्या वडिलांनी दादाला विचारलं, सुई कुठे मिळते, खूप दुखते का? दादाने नीट उत्तर दिलं. मग ते उठले, नमस्कार केला, "कळावतस" म्हणाले आणि गेले. त्यांच्या वागण्यात काही वावगं नव्हतं. त्यांचा फोन कधी आला नाही.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तसे मामा सुरू झाले. "सोनासारखं ठिकान गयं हातम्हाईन. त्या बाईनी शिकाडं त्याले. आपलाच तोंडम्हाईन आपली बदनामी कराले शिकाडं."

"मी काय खोटं बोलनू?" दादाने विचारलं.

आईने ताटल्या उचलल्या. तो नवा शर्ट काढून घडी करायला आत गेला.

त्या रात्री ठरलं की ताई आता कधीच यायची नाही. टोळीतही जायचं नाही, कारण तिथली बायामाणसं गावभर बोलतात. आणि सुई बंद. आईचा हिशोब तिच्या दृष्टीने सरळ होता. "सुई लिधी म्हनीसन सगळा यडा म्हनतस. सुईच नही तं काय म्हनतीन?" मी वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुन्ही मायले इचार." मी म्हटलं, आईलाच तर विचारतोय. ते बैल बांधायला बाहेर गेले.

मी होस्टेलवर परतलो आणि माझी धावाधाव सुरू झाली. धावाधाव हा शब्द फार मोठा आहे. बसलो, फोन केले, वाट पाहिली, एवढंच.

पहिला फोन ताईला. तिचा आवाज पडलेला होता. घरच्यांनी नको म्हटल्यावर तिला दारात जाता येत नाही, असा तिच्या संस्थेचा नियम. "नियम बरोबर आहे रे," ती म्हणाली, "मागे एका गावात लोकांनी माझी गाडी अडवून ठेवली होती. पण तू आण ना त्याला डॉक्टरांकडे. सोबत घरचं कुणीतरी लागतं, तू चालशील." पुढचा डॉक्टरांचा दिवस माझ्या परीक्षेच्या दिवशी येत होता. मी विचारलं, दुसऱ्या दिवशी नाही का होणार? ती म्हणाली, डॉक्टर त्या एकाच दिवशी येतात, बाकीचे दिवस ते दुसऱ्या तालुक्यांत असतात. मी विचारलं, मग आमच्या गावच्या उपकेंद्रात नर्स सुई देऊ शकत नाही का? सुई तर तीच आहे. ती म्हणाली, देऊ शकते, पण वरून पत्र लागेल.

म्हणून मी जिल्ह्याच्या ठिकाणी पत्र आणायला गेलो. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही; सगळीकडे मला सारखंच वाटलं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवत शेवटी एका टेबलापुढे उभं केलं. टेबलामागचे गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"पेशंट कुठे आहे?"

"घरी."

"आपण कोण?"

"भाऊ."

"मोठे की लहान?"

"लहान."

"मग असं करा," ते समजुतीने म्हणाले, "घरातल्या मोठ्या माणसाला पाठवा. उद्या तुमचे वडील येऊन म्हणाले की आम्ही सांगितलंच नव्हतं, तर आम्ही काय करायचं?"

मी म्हटलं, पेशंट स्वतः मोठा आहे. सज्ञान आहे. त्याचीच संमती घ्या ना. ते जरा हसले. म्हणाले, "त्याची संमती घेण्याजोगी असती, तर तुम्ही इथे कशाला आला असता?"

या वाक्याला उत्तर असलं पाहिजे असं मला तेव्हाही वाटलं आणि अजूनही वाटतं. तिथे सुचलं नाही. बसमध्ये बसल्यावरही सुचलं नाही. लोणखेड्याच्या फाट्यावर उतरलो तेव्हा डोकं इतकं तापलं होतं की मी होस्टेलपर्यंत न जाता तिथल्याच पुलाच्या कठड्यावर बराच वेळ बसून राहिलो. घरी मी धाकटा म्हणून बोलायचं नाही. कार्यालयात धाकटा म्हणून बोलायचं नाही. मग मला शिकवलं कशाला?

घरी फोन केला की आई उचलायची. दादाला दे म्हटलं की "तो झोपेल शे." दुपारी केला तरी झोपेल शे, संध्याकाळी केला तरी झोपेल शे. मग एके दिवशी तिच्याच तोंडून निसटलं की तो रात्री झोपत नाही, मोटारीजवळ जाऊन उभा राहतो. मी विचारलं, बोलतो का तिच्याशी? ती म्हणाली, "अजून बोलत नही. आयकस फक्त."

मी म्हटलं, माय, त्याला सुई दे. हात जोडतो.

ती म्हणाली, "तू पेपर दे तुन्हा. घरना भार नको घेऊ."

परीक्षा सुरू झाली. डॉक्टरांचा दिवस माझ्या राज्यशास्त्राच्या पेपराच्या दिवशी आला आणि गेला. मी पेपरमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांवर बरंच लिहिलं. काय लिहिलं ते आठवत नाही. बाहेर आल्यावर ताईला फोन केला, तो लागला नाही. डोंगरात असली की तिचा फोन लागत नाही. मी ठरवलं, परीक्षा संपली की घरी जायचं, भांडायचं, आणि पुढच्या महिन्याला काहीही करून त्याला न्यायचं. पुढच्या महिन्यापर्यंत तो मोटारीशी बोलायला लागला तर काय, याचा विचार मी करत नव्हतो. खरं म्हणजे तेवढाच करत होतो. मधल्या दिवसांत पुन्हा एकदा त्या टेबलापुढे जाऊन आलो. गृहस्थ रजेवर होते. मी त्यांच्यासाठी अर्ज ठेवून आलो.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादमाचा फोन आला. त्याचा फोन मला कधी येत नाही. त्याच्या मुलीला बारावीनंतर आमच्या कॉलेजात घालायचं होतं, कागदपत्रं काय लागतात ते विचारायचं होतं. मी सगळं सांगितलं. तो "बरं, बरं" करत राहिला. मग ठेवता ठेवता म्हणाला, "तुन्हा दादा बी तेच सांगे. म्हने, मन्हा भाऊले इचारा."

"दादा कुठे भेटला तुम्हाला?"

"कामवर. आठ दिन व्हयनात, येस ना तो रोज. आर्धाच दिवस ठेवस मी त्याले, डोया जड ऱ्हातस त्याना. डॉक्टरनी गोया बी दिधल्यात ना सुईसंगे."

मी विचारलं, कुठली सुई? कधी?

त्याने सांगितलं ते असं. डॉक्टरांच्या दिवशी सकाळी दादा न विचारता वावरात आला. अंगात तो नवा शर्ट होता. पपईचा पिकअप त्याच रस्त्याने जाणार होता, तो मागे चढून बसला. मुकादमाने विचारलं, कुठे? तो म्हणाला, सुईचा दिवस आहे. मुकादमाला त्याला एकटं सोडणं बरं वाटलं नाही, म्हणून तोही चढला. दवाखान्यात विचारलं, सोबत घरचं कोण? दादा म्हणाला, घरचं कुणी येणार नाही, हे माझे मुकादम आहेत, मी यांच्याकडे काम करतो, माझी सही मी करतो. डॉक्टरांनी त्याच्याशी बराच वेळ बोलून घेतलं, चुकलेल्या महिन्याबद्दल रागावले आणि सुई दिली. संध्याकाळी घरी जाऊन त्याने आईला स्वतःच सांगितलं. आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिने डबा भरून दिला.

मी म्हटलं, मला कुणीच कळवलं नाही.

मागे ट्रकवर कुणीतरी कुणाला हाक मारत होतं.

"काय सांगस?" मुकादम म्हणाला. "माले तं वाटनं, तूच धाडं व्हतं त्याले."